गोंदिया ते हैदराबाद: नकाशावर 515 किलोमीटर, घड्याळात किती?

आज विषय आपल्या बिरसी विमानतळाचा. "इथून हैदराबाद किती लांब?" हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याची तीन उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर अंतराचं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले, पृथ्वी गोल धरून सूत्र चालवलं, की बिरसी ते शमशाबाद साधारण 515 किमी येतात. हे हवाई अंतर. रस्ता आणि रेल्वे वळणं घेत जातात, त्यामुळे ते अंतर याहून जास्त भरतं.

दुसरं उत्तर उड्डाणाचं. अशा मार्गांवर एटीआर 72 हे पंख्याचं विमान चालतं. त्याचा वेग ताशी 500 किमीच्या आसपास. भागाकार केला तर तासभर. पण वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास वेळ दिसतो. का? कारण विमान वर चढताना आणि उतरताना हळू असतं, शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं-येणं असतं. विमान जागेवरून हललं तेव्हापासून परत जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजतात.

तिसरं उत्तर आपल्या कामाचं: घरापासून घरापर्यंत. समजा घरून बिरसीला एक तास, तिथे दीड तास आधी पोहोचणं, उड्डाण दीड तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि शमशाबादहून शहरात एक तास. झाले साडेपाच तास! तरी रात्रभराच्या रेल्वेपेक्षा बरंच कमी, हे खरं.

आता मुंबईचं बघा. गोंदिया-मुंबई सरळ अंतर साधारण 820 किमी. हैदराबादमार्गे गेलात तर जवळपास 1,140 किमी. वर मधल्या विमानाची वाट बघायची. मग नागपूर विमानतळ बरा वाटतो. देवरीच्या माणसाला तर आणखीच, कारण नागपूरचा महामार्ग त्याच्या गावातूनच जातो.

पण खरा मुद्दा पुढे आहे. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. मार्च 2022 मध्ये उडान योजनेतून फ्लायबिगने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली, ती काही महिन्यांतच थांबली. डिसेंबर 2023 मध्ये इंडिगोने हैदराबादची सेवा सुरू केली. म्हणजे मधल्या काळात अंतर तेच होतं, 515 किमी. पण विमानच नाही, तर दीड तासाला अर्थ काय?

दिवसाला एकच फेरी असेल आणि ती चुकली किंवा रद्द झाली, तर तुमचा प्रवास एका दिवसाने लांबतो. पेशंटला घेऊन जाणाऱ्याला, मुलाखतीला निघालेल्या पोराला हाच फरक महागात पडतो. म्हणून छोट्या विमानतळाचं मोजमाप करताना उड्डाण किती मिनिटांचं, एवढंच विचारू नका. आठवड्यात किती फेऱ्या, त्यातल्या किती वेळेवर, आणि एक रद्द झाली तर पुढची कधी, हेही विचारा.

तिकीट काढण्याआधी हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. तुमच्या गावाहून काय येतं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!