गोळ्या चालू असताना मेडिकल

पुण्याच्या सदाशिव पेठेत, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांच्या जिन्यांवर एक सल्ला हमखास ऐकू येतो. झोप लागत नसेल तर फॅमिली डॉक्टरकडून गोळी घे, पण मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढू नकोस. एकदा केसपेपर निघाला की सगळं रेकॉर्डवर येतं आणि मेडिकलला बाद होशील. सल्ला देणाऱ्याचे बहुधा तीन-चार अटेम्प्ट झालेले असतात, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन असतं.

या सल्ल्यात तथ्य किती?

नेमणुकीआधीच्या चारित्र्य पडताळणीत पोलीस पाहतात ते गुन्हे, अटक, खटले. उमेदवार कोणत्या डॉक्टरकडे गेला, याची चौकशी पडताळणीचा अर्ज करत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ तर उपचारांची माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क मानतं. त्याला अपवाद आहेत, पण मोजकेच. याच कायद्याच्या कलम ३मध्ये आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. पूर्वी उपचार घेतले किंवा मनोरुग्णालयात राहावं लागलं, एवढ्यावरून कोणाला आज मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही.

मग भीती येते कुठून? ती येते वैद्यकीय तपासणीच्या वेळी भरायच्या निवेदनातून. केंद्रीय सेवांच्या नियमावलीत हे निवेदन वर्षानुवर्षं छापलं गेलं आहे आणि त्याच्या भाषेला इंग्रजी अमदानीचा वास येतो. देवी आल्या होत्या का, फिट्स येतात का, जवळच्या नातेवाइकांत कोणाला वेड लागलं होतं का, अतिश्रमाने कधी ‘नर्व्हसनेस’ आला होता का. दिवसाला बारा तास पुस्तकात डोकं घालून बसलेल्या उमेदवाराने या शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं, हे खरं तर परीक्षेतच विचारायला हवं!

पण त्याच निवेदनाच्या तळाशी एक इशारा असतो. जाणूनबुजून माहिती दडवली तर नेमणूक हातची जाऊ शकते. नोकरी लागून गेली असली, तरी निवृत्तीच्या लाभांवर पाणी सोडावं लागू शकतं. म्हणजे जिन्यावरचा सल्ला मानून जो खोटं ‘नाही’ लिहितो, तोच अधिक मोठी जोखीम पत्करतो. नियमांची मूळ अट अशी की, उमेदवाराचं मानसिक आणि शारीरिक आरोग्य चांगलं असावं आणि कामात अडथळा येईल असा शारीरिक दोष त्याच्यात नसावा. डॉक्टरांनी नीट लिहून दिलेलं पत्र या कसोटीवर उपयोगी पडू शकतं, आणि वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवलंच तर अपिलाची सोय असते.

दिल्लीतलं एक प्रकरण या संदर्भात बोलकं आहे. बायपोलर आजार असलेला एक वकील दिल्ली न्यायिक सेवेची २०१८ची परीक्षा दिव्यांगांच्या राखीव जागेवर उत्तीर्ण झाला. प्रमाणपत्रात आजार कायमस्वरूपी असल्याचं नमूद नाही, म्हणून त्याची निवड नाकारण्यात आली. आजार बरा होण्याची शक्यता हीच इथे अडचण ठरली होती! दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२०मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्या नेमणुकीचा मार्ग मोकळा केला. ही जागा राखीव होती ती २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे. मानसिक आजाराचा समावेश असलेल्या गटासाठी सरकारी नोकरीत या कायद्याने एक टक्का जागा ठेवल्या. त्यासाठी दिव्यांगत्व किमान चाळीस टक्के असावं लागतं. १९९५च्या जुन्या कायद्यात मानसिक आजाराची नोंद होती, आरक्षण मात्र नव्हतं.

वर्दीच्या नोकऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे, आणि तिथे जिन्यावरच्या सल्लागाराला सरसकट खोटं पाडता येत नाही. हातात बंदूक द्यायची असल्याने सैन्य आणि केंद्रीय पोलीस दलांचे निकष कडक असतात. ‘शेप’ नावाच्या श्रेणीत मनाची अवस्था सर्वांत आधी मोजली जाते, आणि केंद्रीय पोलीस दलांत बढतीसाठी ‘शेप-वन’ ही सर्वांत वरची श्रेणी लागते. अशा ठिकाणी जवान त्रास लपवतो, यात नवल कसलं?

केंद्रीय राखीव पोलीस दलात २००१मध्ये भरती झालेल्या एका अधिकाऱ्याला पुढे ओसीडी आणि नैराश्य असल्याचं निदान झालं. त्याच्यामागे शिस्तभंगाच्या एकाहून अधिक चौकशा लागल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १७ डिसेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभावाचाच प्रकार असल्याचं म्हटलं आणि पहिल्या चौकशीची कारवाई रद्द केली. सध्याच्या कामासाठी तो योग्य नसेल, तर त्याला दुसऱ्या पदावर घ्या, पगार आणि सेवाशर्ती कायम ठेवा, असं न्यायालयाने सांगितलं. त्या पदावर शस्त्र हाताळावं लागणार नाही याची काळजी घेण्याची मुभा दलाला दिली.