फ्लायव्हील गाडीचे नव्हे, रोटरचे



जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवताना सर्वाधिक विचार इंजिनाच्या ताकदीचा होतो आणि सर्वांत कमी विचार इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये दडलेल्या फ्लायव्हील व क्लचचा होतो. पिस्टनच्या पुष्कळशा चार सिलिंडर इंजिनांत फ्लायव्हील स्वतःपुरते समतोल असल्यामुळे ही उपेक्षा खपून जाते; माझदाच्या रोटरी इंजिनात मात्र ती खपत नाही.

फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून जर्मनीच्या एनएसयू कंपनीत घडलेले हे इंजिन १९५७ मध्ये प्रथम चालले आणि पुढे परवाना घेऊन हिरोशिमाच्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदा कंपनीने, केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली ते १९६७ च्या कॉस्मो स्पोर्ट गाडीत बाजारात आणले. त्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर असतो आणि तो एक्सेंट्रिक शाफ्टच्या, म्हणजे मध्यापासून सरकवलेली गोल अंगे असलेल्या दांड्याच्या, आधाराने फिरतो. रोटरची एक फेरी पुरी होते तोवर शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात, आणि माझदाच्या १२ए व १३बी या इंजिनांत रोटरचा मध्यबिंदू शाफ्टच्या अक्षाभोवती १५ मिमी त्रिज्येच्या वर्तुळात शाफ्टच्याच वेगाने घुमत राहतो. दोन रोटर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध बाजूंना असल्याने त्यांची बाहेर ओढणारी बले परस्परांना छेद देतात खरी, परंतु ती एका प्रतलात नसून एकामागे एक असल्यामुळे त्यांचे एक बलयुग्म तयार होते, म्हणजे शाफ्टची दोन टोके विरुद्ध दिशांना हेलकावे खाऊ पाहतात. हे बलयुग्म मोडण्यासाठी शाफ्टच्या पुढच्या आणि मागच्या टोकांना एकेक काउंटरवेट, म्हणजे प्रतिभार, बसवलेला असतो. आणि वरखाली होणारा एकही भाग या रचनेत नसल्याने हा समतोल तत्त्वतः पूर्ण साधता येतो, ज्यातून रोटरी इंजिनाचा नावाजलेला गुळगुळीतपणा येतो.

अडचणीचे मूळ मागच्या प्रतिभाराच्या जागेत आहे. हाताने गिअर बदलायच्या गाड्यांत माझदाने मागचा प्रतिभार वेगळा न ठेवता फ्लायव्हीलच्याच ओतकामात घेतला, त्यामुळे तेथे फ्लायव्हील हा इंजिनाच्या समतोलाचा अर्धा भाग ठरतो. ऑटोमॅटिक गाड्यांत हाच प्रतिभार सुटा असतो आणि पातळ फ्लेक्स प्लेट त्याला बोल्टने जोडलेली असते. बाजारात मिळणारी हलकी पोलादी किंवा ॲल्युमिनियमची फ्लायव्हीले बहुधा स्वतःपुरती समतोल असून ती ऑटोमॅटिकच्या या सुट्या प्रतिभारावर बसवायची असतात. तो प्रतिभार मात्र आतल्या रोटरांच्या जातीचाच असावा लागतो, कारण रोटर सर्व वर्षांत सारखे नव्हते: १२ए इंजिनाचा रोटर ७० मिमी रुंद, तर १३बीचा ८० मिमी, आणि १३बीमध्येसुद्धा माझदाच्या आरएक्स-७ या गाडीच्या दुसऱ्या पिढीत १९८६ ते १९८८ पर्यंतच्या रोटरांपेक्षा १९८९ पासूनचे रोटर हलके आले. पुढचा प्रतिभार एका मालिकेचा, म्हणजे सारखे रोटर असलेल्या वर्षांच्या एका गटाचा, आणि मागचा दुसऱ्या मालिकेचा असला की बलयुग्म तर मोडत नाहीच, उलट दोहोंतील फरक नव्या असंतुलनाच्या रूपाने शाफ्टवर शिल्लक राहतो.

हे असंतुलन किती मोठे होऊ शकते याचा हिशेब प्रत्येक कार्यशाळेने एकदा तरी मांडून पाहावा. १५ मिमी त्रिज्येवर केवळ १०० ग्रॅमचा फरक राहिला, तर मिनिटाला ८००० फेऱ्यांच्या वेगाने तो सुमारे १०५० न्यूटन, म्हणजे १०७ किलो वजनाच्या भारासारखे बल निर्माण करतो आणि ते बल प्रत्येक फेरीत दिशा बदलत शाफ्टच्या बेअरिंगांवर आदळते. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून २००० फेऱ्यांवर ते याच्या सोळाव्या हिश्श्याइतके, म्हणजे जेमतेम पावणेसात किलो वजनाएवढे असते. सावकाश चालवून पाहिलेली गाडी निर्दोष भासते आणि दोष उघडा पडतो तोवर बेअरिंगची झीज होऊन गेलेली असते.

त्यात भर अशी की चुकीचे फ्लायव्हील अगदी बिनतक्रार बसते. १२ए आणि १३बी इंजिनांच्या शाफ्टचे मागचे टोक निमुळते असून त्यावर चावीच्या आधाराने फ्लायव्हील चढते आणि ५४ मिमी मापाच्या एकाच मोठ्या नटने, सुमारे ३९० ते ४९० न्यूटन-मीटर इतक्या पिळाने, आवळले जाते. भार वाहतो तो निमुळत्या पृष्ठभागांच्या घट्ट पकडीने. चावीचे काम प्रतिभाराला नेमक्या कोनात ठेवण्याचे आहे. ही बैठक पिढ्यानपिढ्या जवळपास तशीच राहिल्यामुळे एका मालिकेचे फ्लायव्हील दुसऱ्या मालिकेच्या शाफ्टवर सहज चढते, आणि ‘बसले म्हणजे जुळले’ ही कारागिराची एरवी खरी ठरणारी खूण येथे पूर्णपणे फसवी ठरते.

क्लचच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे, कारण त्याच्या प्रत्येक भागाचा मालक वेगळा आहे. क्लच प्लेटच्या मध्यातील खाचा, ज्यांना स्प्लाइन म्हणतात, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टशी जुळाव्या लागतात. तिचा बाहेरचा व्यास प्रेशर प्लेट ठरवते. प्रेशर प्लेटची बोल्टची भोके फ्लायव्हील ठरवते. आणि रिलीज बेअरिंग व फोर्क पुन्हा गिअरबॉक्सच्या घरात राहतात. आरएक्स-७ च्या दुसऱ्या पिढीत साध्या इंजिनाला २२५ मिमीचा, तर टर्बो इंजिनाला २४० मिमीचा क्लच होता आणि टर्बोच्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टही अधिक जाड होता. म्हणून साध्या गाडीत टर्बो इंजिन घालून जुनाच गिअरबॉक्स ठेवणाऱ्याला टर्बोची क्लच प्लेट लावता येत नाही, आणि लावता येईल असा क्लच वाढलेला टॉर्क पेलेल की नाही हे आधी तपासावे लागते. तिसऱ्या पिढीत आणखी एक भेद आला: तिथला क्लच रिलीज बेअरिंग मागे ओढल्यावर सुटतो, तर दुसऱ्या पिढीचा दाबल्यावर सुटतो. तिसऱ्या पिढीचे १३बी-आरईडब्ल्यू इंजिन दुसऱ्या पिढीच्या गिअरबॉक्सवर चढवायचे असेल, तर क्लच गिअरबॉक्सच्या पिढीचा आणि मागचा प्रतिभार इंजिनाच्या पिढीचा घ्यावा लागतो, आणि ही दोन्ही नाती सांभाळणारा सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे सुटा प्रतिभार व त्यावर वेगळे फ्लायव्हील. खर्च थोडा वाढला तरी तो मार्ग सोडू नये, असे स्पष्ट मत येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

फ्लायव्हील किती हलके असावे हा वाद यानंतरचा आहे. रोटरीत प्रत्येक शक्तिघात शाफ्टच्या २७० अंशांपर्यंत टिकतो आणि दोन रोटरांचे घात एकमेकांवर चढतात, त्यामुळे हलके फ्लायव्हील इंजिनाला मानवते. परंतु कमी वेगाला या इंजिनाचा टॉर्क मुळात थोडा असल्याने रोजच्या गर्दीत चालणारी गाडी फार हलक्या फ्लायव्हीलने सुटताना बंद पडू लागते. शर्यतीसाठीची निवड रस्त्यावरच्या गाडीवर लादू नये.

म्हणून प्रत्येक इंजिन-बांधणाऱ्याला विनंती आहे की रोटर, पुढचा प्रतिभार आणि मागचा प्रतिभार किंवा तो धारण करणारे फ्लायव्हील हा एकच संच मानावा, इंजिन सुटे विकतानाही तो फोडू नये, त्यावर मालिका व वर्ष लिहिलेली पट्टी बांधावी, आणि रोटर घासून हलके केले असल्यास सगळा संच पुन्हा समतोल करून घेतल्याशिवाय इंजिन गाडीत चढवू नये.