आगाराच्या फाटकावर आपण कुठे होतो?



श्रीगोंद्यात बोलायला उभे राहायचे तर शेख महंमद बाबांना आधी नमस्कार करायला हवा. मुसलमान घरात जन्म घेऊन वारकऱ्यांच्या मेळ्यात मानाने बसलेला, 'योगसंग्राम' लिहिणारा हा संत. त्याला जे दिसले ते त्याने गावापुढे सांगितले. त्यांच्या गावात उभे राहून गुळगुळीत बोलणे मला जमणार नाही. म्हणून आज मी नव्या कवितेच्या प्रवाहांवर बोलणार नाही. मी एसटीच्या कामगारांवर आणि त्यांच्या पगारावर बोलणार आहे. साहित्याच्या मांडवात पगाराचा विषय कशाला, असे ज्यांच्या मनात आले असेल त्यांनी कृपा करून बसून राहावे. हे भाषण प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

एसटी ही आपल्या जिल्ह्याची लेक आहे. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी सुटली ती नगरच्या माळीवाड्यातून, पुण्याकडे. लक्ष्मण केवटे हे तिचे पहिले वाहक. देश स्वतंत्र होऊन वर्षही झाले नव्हते. खासगी मोटारवाल्यांच्या मर्जीवर चालणारा गावाचा प्रवास सरकारने आपल्या हाती घेतला आणि ब्रीद दिले 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. त्या ब्रीदातले बहुजन म्हणजे आपण. पेडगावहून, मांडवगणहून, कोळगावहून दप्तर घेऊन निघालेली पोर, काष्टीच्या बाजाराला निघालेला शेतकरी, नगरच्या सिव्हिलला निघालेली म्हातारी.

मी उभी हयात शिक्षिका म्हणून काढली. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली एसटीच्या पासावर शिकल्या. मुलींच्या त्या पासाच्या योजनेला नाव आहे अहिल्याबाई होळकरांचे. त्यांचे जन्मगाव चौंडी आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात, आणि आता जिल्ह्यालाही त्यांचेच नाव आहे. ज्या गावात सातवीनंतर शाळा नाही तिथल्या मुलीचे शिक्षण सकाळच्या गाडीवर अवलंबून असते. गाडी आली तर मुलगी शिकते, नाही आली तर दोन वर्षांत तिचे लग्न लागते. हे मी पटावरची नावे कमी होताना पाहून सांगते आहे. आणि ती सकाळची गाडी वेळेवर सुटते, कारण आदल्या रात्री चालक आणि वाहक मुक्कामी गाडी घेऊन त्या गावात आलेले असतात, गाडीच्याच बाकावर नाहीतर देवळाच्या ओवरीत पाठ टेकतात आणि पहाटे हातपंपावर तोंड धुऊन पुन्हा गाडीवर बसतात. त्या माणसाला आपण किती पगार देत होतो, हे या मांडवातल्या किती जणांना माहीत आहे?

मी सांगते. २०२१ साली एसटीत नव्याने लागलेल्या कामगाराचे मूळ वेतन होते १२,०८० रुपये. सगळे भत्ते धरून पगार व्हायचा १७ हजारांच्या आसपास. त्याच वेळी सातव्या वेतन आयोगात राज्य सरकारच्या शिपायाचे मूळ वेतन १५,००० पासून सुरू होत होते आणि सरकारी वाहनचालकाचे १९,९०० पासून. नगर-दौंड रस्त्यावर काष्टीजवळ दोन गाड्या समोरासमोर येतात असे समजा. एकीत साहेब बसलेले, दुसरीत पन्नास माणसे. दोन्ही चालकांचा परवाना सरकारने दिलेला, रस्ता तोच, खड्डे तेच. पन्नास जिवांची जोखीम ज्याच्या हातात, त्याचा पगार कमी! साहेबांच्या चालकाशी माझे काही भांडण नाही. त्याला मिळते ते त्याच्या हक्काचेच आहे. माझे भांडण ही उतरंड रचणाऱ्यांशी आहे.

तो तुटपुंजा पगारही वेळेवर मिळत नव्हता. कोरोनाच्या काळात याच लोकांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत नेऊन सोडले, मुंबईत रुग्णालयांचे कर्मचारी पोहोचवले. त्या कामात शेकडो एसटी कामगार गेले. आणि मागे राहिलेल्यांना पगारासाठी तारखांमागून तारखा मिळाल्या. २७ ऑक्टोबर २०२१ ला उपोषण सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी महागाई भत्त्याच्या आश्वासनावर कामगार संघटनांच्या कृती समितीने ते मागे घेतले. २९ तारखेला आपल्याच जिल्ह्यात, शेवगावच्या आगारात एका चालकाने आपले आयुष्य संपवले. दिवाळी दोन-तीन दिवसांवर आली होती. त्यानंतर लढा पुढाऱ्यांच्या हातात राहिला नाही, त्याचा संप झाला. आगारामागून आगार बंद पडत गेले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातली सगळी अडीचशे आगारे थांबली. त्यांत आपले श्रीगोंद्याचे आगारही होते.

संप साडेपाच महिने चालला. नोव्हेंबरअखेर सरकारने सेवेच्या वर्षांनुसार पगारवाढ जाहीर केली: दहा वर्षांच्या आतल्यांना ५,०००, वीस वर्षांच्या आतल्यांना ४,००० आणि वीस वर्षे उलटलेल्यांना २,५००. नव्यांना जास्त मिळाले, ते मिळायलाच हवे होते. पण वीस वर्षे चाक फिरवून ज्याची कंबर मोडली त्याच्या वाट्याला सगळ्यात कमी आले. कामगारांत फूट पाडण्याचा याहून सोपा मार्ग नाही. ही तफावत मिटवायला सप्टेंबर २०२४ चा दुसरा संप करावा लागला. तेव्हा कुठे सगळ्यांची वाढ ६,५०० वर सारखी झाली, तीही एप्रिल २०२० पासून लागू. त्या मधल्या वर्षांच्या फरकाच्या रकमेसाठी २०२५ मध्ये कामगारांना पुन्हा आंदोलनाची नोटीस द्यावी लागली.

आता ज्या वाक्याने हा संप आपल्या घराघरांत बदनाम झाला, त्याकडे येते. 'लोकांना वेठीस धरले.' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकले, साहित्यिकांच्या बैठकीत ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले. हाल झाले, हे खरे आहे. वडापवाल्यांनी दुप्पट भाडे घेतले, माझ्या ओळखीच्या घरांतल्या मुलींची शाळा सुटली. संपकऱ्यांच्या मुलींचीही सुटली, कारण त्याही त्याच पासावर शिकत होत्या. पण साडेपाच महिने ज्याच्या घरात पगाराचा एक रुपया आला नाही, त्याने कोणाला वेठीस धरले होते? वेठीस धरणाऱ्याला थांबणे परवडते. हे परवडत होते सरकारला.

आणि आपण? मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर होते. ऐन दहावीच्या परीक्षांत! तेव्हा त्याच शिक्षकांच्या खोलीत 'वेठीस' हा शब्द कोणी उच्चारला नाही. आपला संप हक्काचा आणि चालक-वाहकाचा संप आडमुठेपणाचा, असे कसे चालेल? जुन्या पेन्शनची मागणी रास्त होती, असेच माझे आजही मत आहे. पण एसटीचा कामगार निवृत्त झाल्यावर ईपीएस-९५ मधून पेन्शन घेतो, जिची किमान रक्कम २०१४ पासून महिन्याला एक हजार रुपये आहे. माजी आमदाराचे पेन्शन महिन्याला पन्नास हजारांपासून सुरू होते. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांच्या पगारवाढीचे विधेयक सभागृहात चर्चेविना मंजूर झाले. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांचीही संमती. त्या दिवशी तिजोरीची काळजी कोणालाच वाटली नाही.

तिजोरीचा मुद्दा निघालाच आहे तर तोही बघू. एसटी तोट्यात आहे, संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला, मग पगार कुठून वाढवायचा, असे विचारतात. मी उलटा प्रश्न विचारते. एसटीच्या तिकिटावर सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेते. डिझेलवर कर आहे, टोल आहे. जिथे वीस माणसेही मिळत नाहीत अशा वाड्यावस्त्यांवर गाडी पाठवावी लागते, आणि ती पाठवलीच पाहिजे. सवलती सरकार जाहीर करते, श्रेयाचे फलक सरकारचे लागतात, आणि सवलतीची रक्कम महामंडळाकडे पोहोचायला महिने जातात. एप्रिल २०२५ मध्ये तर हद्द झाली. कामगारांच्या हातात मार्चचा पगार पडला ५६ टक्के. महिना पूर्ण भरला, पगार अर्ध्याहून जरासा जास्त. त्या महिन्यात मंत्रालयात कोणाचा पगार कापला गेला का? मग ज्याला आपण तोटा म्हणतो त्याचा भार कोणाच्या ताटातून भरून काढला जातो, ते स्पष्टच आहे.

एसटीचे राज्य सरकारमध्ये विलीनीकरण व्हावे, ही संपाची मुख्य मागणी होती. ते शक्य नाही, असे उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने सांगितले. माझे म्हणणे असे की हा प्रश्न हिशेबनीसांनी नव्हे, विधानसभेने सोडवायचा होता. आंध्र प्रदेशाने १ जानेवारी २०२० पासून आपले परिवहन कर्मचारी सरकारी सेवेत घेतले. तेलंगणात २०१९ चा संप पन्नास दिवसांहून अधिक चालला, कामगार हात हलवत परतले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच सरकारने त्यांना सेवेत घेण्याचे विधेयक मंजूर केले. आपल्याकडे काय झाले? २०२१ मध्ये जे सत्तेत होते ते विलीनीकरण अशक्य म्हणत होते, आणि जे विरोधात होते ते आझाद मैदानात संपकऱ्यांच्या शेजारी बसून विलीनीकरण झालेच पाहिजे म्हणत होते. जून २०२२ च्या अखेरीस मैदानात बसलेले सत्तेत गेले. विलीनीकरण अजून झालेले नाही. कोणत्या पक्षाला झोडपले म्हणून मला टाळ्या नकोत, कारण दोन्ही बाजूंच्या लोकांनी या कामगारांना सोडून दिले आहे.

८ एप्रिल २०२२ ला मुंबईत शरद पवारांच्या घरावर संपकऱ्यांचा जमाव चालून गेला. ते चूकच होते आणि मी ते चूकच म्हणेन. पण त्या एका दुपारने साडेपाच महिन्यांचे दुःख खोटे ठरले नाही. अनेकांना तोंड फिरवायला निमित्त हवे होते, ते त्यांना त्या दुपारी मिळाले.

तोंड फिरवणाऱ्यांत मराठी साहित्यिक पुढे होते, हे मला या मांडवात सांगायचे आहे. आपण ज्यांचे वारस म्हणवतो ते कोण होते? शाहीर अमर शेख गाडीवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले ते कामगारांच्या वस्तीत उभे राहण्यासाठी. गिरणीत आणि शाळेत शिपाई म्हणून राबलेल्या नारायण सुर्व्यांना आपण १९९५ मध्ये परभणीला संमेलनाचे अध्यक्ष केले. त्यांच्या जयंत्या आपण करतो. आणि आपल्याच काळातला एवढा मोठा संप श्रीगोंद्याच्या आगाराच्या फाटकावर बसला होता तेव्हा त्या सतरंजीवर आपल्यातले किती जण जाऊन बसले? किती कवींनी तिथे कविता वाचली? गावातल्या माणसांनी भाकरी नेऊन दिली, कोणी पाण्याचा जार ठेवला, एखाद्या दुकानदाराने किराणा उधार दिला. संपाला पाठिंबा म्हणतात तो हाच. संपकऱ्याची ताकद त्याच्या घोषणेत नसते, घरातले पीठ किती दिवस पुरेल यात असते. ते पीठ समाज पुरवतो तेव्हाच संप टिकतो. लेखणीचे लोक तिथे नव्हते, हे मला सलते.

आणि पुढची लढाई याहून अवघड आहे. २०२५ मध्ये एसटीत १७,४५० चालक आणि सहायक कंत्राटी पद्धतीने घेण्याची घोषणा झाली. म्हणजे एकाच आगारात, एकाच मार्गावर, एकाला सेवापुस्तक आणि दुसऱ्याला तीन वर्षांचा करार. कंत्राटी चालक संपावर जाऊच शकणार नाही, कारण त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाबच्या एका खटल्यात सांगितले की तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही समान कामाला समान वेतन मिळाले पाहिजे. संविधानाचा अनुच्छेद ३९ तर पहिल्या दिवसापासून हेच सांगतो आहे. न्यायालयाने सांगून झाले, संविधानाने सांगून झाले. आता लोकांनी सांगायचे राहिले आहे.

म्हणून भाषण संपवण्याआधी मी अध्यक्ष या नात्याने एक ठराव मांडते. एसटी कामगारांच्या पगारवाढीच्या फरकाची थकलेली रक्कम तातडीने द्यावी. पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला आणि पूर्ण द्यावा. कायम आणि कंत्राटी कामगारांना समान कामाचे समान वेतन द्यावे. आणि तिकिटावरचा प्रवासी कर बंद करून तो पैसा कामगारांकडे आणि गाड्यांकडे वळवावा. हा ठराव तहसीलदारांमार्फत मुख्यमंत्र्यांकडे जाईल आणि त्याची एक प्रत आपण स्वतः चालत जाऊन श्रीगोंदा आगारातल्या कामगारांच्या हातात देऊ. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत, आणि ज्यांनी हात वर केले त्यांनी पुढच्या संपात पहिल्याच दिवशी आगाराच्या फाटकावर यावे.