औट्रम घाट, थाळनेरचा किल्ला आणि चांदीचं एक पदक

मी मूळचा ब्राह्मणपुरीचा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इतिहासाची पदवी वगैरे काही नाहीये. वाचायचा नाद आहे, आणि आपल्या भागाचं काही हाती लागलं की मग सुटत नाही, एवढंच.

आजचा विषय ऐकायला जरा लांबचा वाटेल. इंग्रज सेनापतींच्या आणि त्यांच्या फौजांच्या गौरवासाठी काढलेल्या आठवणीच्या वस्तू. पदकं, पुतळे, चांदीची भांडी, शोभेच्या बाहुल्या. याचा खानदेशाशी काय संबंध, असं विचाराल. धुळ्याहून छत्रपती संभाजीनगरला एसटीनं गेलेला प्रत्येक माणूस अशाच एका आठवणीवरून गेलेला आहे. चाळीसगाव सोडलं की घाट लागतो. कुणी कन्नड घाट म्हणतं, कुणी औट्रम घाट. एखादा ट्रक आडवा झाला की दोन तास गेलेच, आणि त्या दोन तासांत सगळे ड्रायव्हरला, सरकारला, रस्त्याला नावं ठेवतात; पण औट्रम म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. ते माणसाचं नाव आहे. जेम्स औट्रम. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२५ साली भिल्लांची पलटण उभी करायला खानदेशात आला तेव्हा बावीस वर्षांचा होता.

त्याच्याकडे येतोच. आधी या वस्तूंचं थोडं सांगतो.

लढाई झाली की तिकडे इंग्लंडमध्ये तिचा बाजार भरायचा. १८५७ च्या बंडाच्या बातम्या पोचल्या तशा स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी हॅवलॉक आणि कॉलिन कॅम्पबेल यांच्या चिनी मातीच्या रंगीत बाहुल्या काढल्या. साध्या घरांतून शेकोटीच्या वरच्या फळीवर त्या मांडलेल्या असायच्या. आपल्याकडे भिंतीवर कॅलेंडर लावतात ना, तसंच. मोठ्या लोकांच्या भेटी मोठ्या असायच्या. असईची लढाई जिंकलेल्या वेलस्लीला, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, त्याच्या दख्खनच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांनी चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला भांड्यांचा संच दिला. तो 'डेक्कन सर्व्हिस' या नावानं आजही लंडनला त्याच्या घरात, अ‍ॅप्सली हाउसमध्ये आहे. दख्खनच्या नावाची ताटं, आणि ती लंडनला.

पण साध्या शिपायाला काय मिळालं? त्याचं उत्तर म्हणजे एक पदक, आणि आज मला मुख्यतः त्याच्याबद्दलच बोलायचंय.

'आर्मी ऑफ इंडिया मेडल' असं त्याचं नाव. चांदीचं, फिकट निळ्या फितीचं. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचं डोकं, दुसऱ्या बाजूला बसलेली विजयाची देवता, आणि खाली १७९९–१८२६. कोरणारा विल्यम वायन. याच माणसानं १८४० च्या राणीछाप रुपयावरचा चेहरा केला. आमच्या आजीच्या पेटीत राणीछाप रुपये होते, सणाला निघायचे. त्यामुळे पदकाचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा हा चेहरा ओळखीचा वाटला, तो उगाच नव्हे.

गंमत तारखेत आहे. पदक १७९९ ते १८२६ मधल्या लढायांचं, आणि मंजूर झालं १८५१ साली. तेही त्या वेळी जिवंत असलेल्यांनाच. हिशेब करा. असईची लढाई १८०३ ची. तिथं वीस वर्षांचा असलेला शिपाई पदक येईतो अडुसष्ट वर्षांचा. तेवढं जगणार किती? जो लढाईत मेला त्याला काहीच नाही. जो नंतर पटकीनं गेला, त्यालाही नाही. म्हणजे शौर्याबरोबर आयुष्य लांबलं असणं हीसुद्धा अट होती. मला हे फार विचित्र वाटतं, पण नियम तसाच होता.

पदकाच्या वर आडव्या पट्ट्या असतात, इंग्रजीत क्लॅस्प म्हणतात. एका लढाईची एक पट्टी. एकूण एकवीस प्रकारच्या पट्ट्या निघाल्या. त्यातली नावं वाचताना आपल्याला वाटतं की एसटीच्या फलाटावर उभे आहोत: असई, असीरगड, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. स्पेलिंगं इंग्रजांनी आपल्या कानाला ऐकू आली तशी केलीत, पण गावं आपलीच. कोरेगाव म्हणजे भीमा कोरेगाव, १ जानेवारी १८१८.

आता मी काय केलं, तर ही एकवीस नावं घेतली आणि त्यांच्यात खानदेश शोधला. सवयच आहे, यादी दिसली की त्यात काय नाहीये ते बघायचं. कामातही तसंच असतं. रकान्यात भरलेलं सगळ्यांना दिसतं, पण जो रकाना मुळात ठेवलाच नाही त्याची चूक कुठलाही प्रोग्राम दाखवत नाही. सापडलं काय? असीरगड. जुन्या खानदेश सुभ्यातला, बऱ्हाणपूरजवळचा. तोही १८०३ चा. त्याच असीरगडाला १८१९ मध्ये पुन्हा मोठा वेढा पडला, त्याची पट्टी नाही. मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांनी १८१८ मध्ये इंग्रजांना आठवडेच्या आठवडे झुंजवलं, त्याची नाही. आणि थाळनेरची नाही.

थाळनेर आमच्यापासून लांब नाही. शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. एकेकाळी फारुकी सुलतानांची राजधानी, त्यांच्या कबरी अजून तिथं आहेत. तिथं काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागातल्या शाळांत हे शिकवलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

महिदपूरला २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांचा पराभव झाला. इंग्रजांचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप. जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला. त्यात थाळनेरही आलं. हिस्लॉपची फौज सेंधव्याच्या वाटेनं खाली उतरली आणि २७ फेब्रुवारी १८१८ ला थाळनेरसमोर आली. किल्लेदार होता तुळशीराम मामा. किल्ला द्यायचा हुकूम त्याच्या मालकाकडून आलेला होता, तरी आतून गोळ्या सुटल्या. इंग्रजांनी तोफा लावल्या, बाहेरचे दरवाजे पडायला लागले, तेव्हा किल्लेदार स्वतः बाहेर येऊन त्यांच्या ताब्यात गेला. शेवटच्या दरवाजाच्या दिंडीतून थोडे इंग्रज अधिकारी आणि शिपाई आत शिरले. आत अरब शिबंदी. कुणाला कुणाची भाषा समजत नव्हती. हत्यारं ठेवण्यावरून झटापट झाली, आणि मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यावर बाहेरची फौज आत घुसली आणि किल्ल्यातल्या जवळजवळ तीनशे माणसांची कत्तल झाली. झटापटीच्या वेळी जो आत नव्हताच, त्या तुळशीराम मामाला त्याच संध्याकाळी फाशी दिलं.

हे त्या काळातही सगळ्यांना पटलं नव्हतं. १८१९ साली इंग्लंडच्या संसदेत या फौजेचे आणि हिस्लॉपचे आभार मानायचा ठराव आला तेव्हा थाळनेरवरून प्रश्न निघाले. शेवटी आभार मानले, पण किल्लेदाराच्या फाशीबद्दल आम्ही काही मत देत नाही, अशी पुस्ती जोडून. आणि तेहतीस वर्षांनी पदक आलं तेव्हा तोच सेनापती, तीच मोहीम, महिदपूरची पट्टी आहे. दोन महिन्यांनंतरचं थाळनेर नाही. तो प्रसंग मुद्दाम गाळला असं मी म्हणत नाही. पट्ट्या लढायांच्या होत्या, थाळनेरला लढाई म्हणावं असं काही झालंच नाही. पण नेमकं तेच बघा. आठवणीची वस्तू करताना 'लढाई' एवढीच गोष्ट मोजायची ठरवली, की फाशी आपोआप बाहेर पडते. कुणाला खोटं बोलावं लागत नाही.

आता औट्रम. थाळनेरनंतर खानदेश कंपनीकडे आला, पण सातपुडा आणि सातमाळा आला नव्हता. भिल्ल नाईकांशी वर्षानुवर्षं चकमकी चालू होत्या. मग एल्फिन्स्टनच्या काळात धोरण बदललं आणि तीन भिल्ल एजन्सी नेमल्या. दक्षिणेची कन्नडला, आमचं नंदुरबार आणि शहाद्याजवळचं सुलतानपूर वायव्येच्या एजन्सीत. जमीन द्यायची, तगाई द्यायची, जुने गुन्हे माफ करायचे. त्याच्याच जोडीला भिल्लांची पलटण उभी करायचं काम औट्रमकडे. धरणगाव तिचं ठाणं.

औट्रमनं सुरुवात गोडीनं केलेली नाही, हे चरित्रकार भरभर सांगून पुढे जातात. आधी छापे घातले, माणसं पकडली. मग त्या पकडलेल्यांच्या नातेवाइकांमार्फत बोलणी. त्यानंतर मात्र तो पहारा न ठेवता त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, आणि हळूहळू माणसं भरती झाली. सातपुड्याच्या वाटा ज्याला पाठ, त्यालाच पगार देऊन त्या वाटांवर उभा करायचं, ही ती युक्ती. दहा वर्षं तो इथं होता.

नंतर त्याला भरपूर मान मिळाले. लखनौला नाव झालं, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत पुरला गेला, लंडनला टेम्सच्या काठी पुतळा, कोलकात्याला घोड्यावरचा पुतळा. तो आता व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात आहे. एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायलाच हवी. सिंधच्या लुटीतला त्याचा वाटा तीन हजार पौंडांचा होता, तो त्यानं दानधर्मात देऊन टाकला. हिस्लॉप दख्खनच्या लुटीच्या वाटणीवरून वर्षानुवर्षं भांडत होता, त्याच्या शेजारी हे ठेवून बघा.

पण मला सगळ्यांत जास्त विचारात पाडणारी आठवण खानदेशातलीच आहे. औट्रमच्या चरित्रांत ती येते. तो निघून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याच्या पलटणीतल्या काही जुन्या शिपायांना एक छोटी मूर्ती सापडली. तिच्यात त्यांना आपल्या साहेबाचा चेहरा दिसला. त्यांनी ती बसवली आणि 'औट्रम साहेब' म्हणून तिची पूजा सुरू केली.

चरित्रकार हे कौतुकानं सांगतात, थोडं हसूनही. मूर्ती कुरूप होती म्हणतात. मला हसू येत नाही. भिल्लांमध्ये गेलेल्या माणसाच्या नावानं दगड किंवा लाकडाचा खांब उभा करायची रीत जुनीच आहे. म्हणजे त्यांनी साहेबाला देव केलं असेल, तसंच आपल्या रीतीनं त्याला आपल्या गेलेल्यांमध्ये बसवलंही असेल. पदक वरून खाली येतं. ही मूर्ती खालून वर गेली. तिच्यावर ना तारीख, ना राणी, आणि ती कुणी मंजूर केलेली नव्हती.

शाळेतल्या माझ्या एका भिल्ल मित्राला हे सगळं सांगितलं. तो शिक्षक आहे, धडगाव भागात. तो म्हणाला, "भाऊ, साहेबाचं नाव घाटाला आहे, साहेबाची मूर्ती आहे, साहेबाचं पुस्तक आहे. पलटणीतल्या पहिल्या भिल्लाचं नाव सांग." मला सांगता आलं नाही. मग तोच म्हणाला, "आणि खाजा नाईक?"

खाजा नाईक सेंधवा घाटाच्या रखवालीवर कंपनीच्या चाकरीत होता. १८५७ मध्ये तो उलटला. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात आंबापाणीला त्याच्या आणि इतर नाईकांच्या भिल्लांची इंग्रजांशी लढाई झाली, आणि इंग्रजांच्या बाजूनं त्या दिवशी भिल्ल पलटणीचे लोकही होते. दोन्हीकडे भिल्ल. यातल्या कुणाची आठवण कुणी ठेवायची? मित्राचं उत्तर सरळ होतं: दोघांची, पण एका फळीवर नाही. मला ते पटतं.

आठवणीची वस्तू ज्यानं केली त्याच्याच अर्थानं ती राहते, असंही नाही. कोरेगावचा स्तंभ कंपनीनं आपल्या फौजेच्या गौरवासाठी उभारला. त्याच्यावर पडलेल्या महार शिपायांची नावं आहेत म्हणून १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथं गेले, आणि आज तिथं लाखो लोक जातात ते कंपनीसाठी नव्हे. तिथं नावं होती म्हणून हे झालं. औट्रम घाटात नाव एकच आहे.

मला विचाराल तर घाटाचं नाव बदला असा माझा हट्ट नाही. लोक अर्धे कन्नड घाटच म्हणतात. माझी मागणी थाळनेरची आहे: किल्ल्यापाशी २७ फेब्रुवारी १८१८ ची हकिगत मराठीत, आणि जमलं तर अहिराणीत, नीट लिहून लावावी. तुळशीराम मामाचं नाव त्यात असावं, गॉर्डन आणि मॅकग्रेगरचंही असावं.

आता ऐकणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. कोकणात, साताऱ्यात आणि आपल्याकडेही काही घरांत जुनी पदकं असतात, बहुतेक पहिल्या महायुद्धाची. पणजोबांचं पदक म्हणून डब्यात पडलेली. ती लिंबानं, चिंचेनं घासू नका. पदकाच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते; घासून पहिल्यांदा तेच जातं. मोबाइलची बॅटरी तिरकी धरून फोटो काढा, वाचता येतं. पहिल्या महायुद्धाचं पदक चांदीचं नसून काशाचं असेल तर बाजूला टाकू नका. त्यातली काही काशाची पदकं बिगारी, खेचरवाले, भिस्ती, मजूर पलटणीतली माणसं यांना दिली होती. ते लोक बसऱ्याला किंवा फ्रान्सला जाऊन आले होते. बाजारात त्यांना भाव कमी येतो. कडेवरचं नाव वाचून वहीत लिहून ठेवा, आणि फोटो आम्हाला पाठवलात तर पुढच्या भागात बोलू.