मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?



रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर करंजा दिसतो. होडीने खाडी ओलांडली की पोहोचलोच. गाडीने जायचे तर वडखळ-पेणचा वळसा. गाव तेच, अंतरे दोन. विमानाचेही असेच आहे, हे माझ्यासारख्या सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला रद्दीतून आणलेल्या पृथ्वीच्या गोलाने शिकवले.

त्या गोलावर मुंबई ते लंडन सुतळी ताणून धरा. सुमारे 7,200 किलोमीटर भरतात. सुतळी पाकिस्तान, इराण, कॉकेशस, युक्रेन अशी उत्तरेकडे फुगून जाते. पण विमानाला सुतळीवरून जाऊ देतो कोण? 2022 पासून युक्रेनचे आकाश युद्धामुळे प्रवासी विमानांना बंद झाले. 2025 च्या एप्रिलात पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. म्हणजे वळसा आला, जादा इंधन आले, आणि ते शेवटी तिकिटावर आले.

8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा या प्रवासाला एक दिवसाच्या आसपास लागे. आगबोटीला आठवडे लागत, त्यामानाने तो चमत्कारच. 1960 मध्ये बोइंग 707 आले आणि वेळ आणखी उतरली. आज साधारण दहा तास धरावेत. परतताना त्याहून कमी, कारण वरच्या थरातला वारा पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. आमच्या कोळी बांधवांना हे मी काय सांगणार!

आता घड्याळाची गंमत. उन्हाळ्यात दुपारी दोनला मुंबई सोडली आणि संध्याकाळी साडेसातला लंडनला उतरलो, तर प्रवास साडेपाच तासांचा वाटतो. वस्तुतः तो दहा तासांचा; लंडनचे घड्याळ साडेचार तास मागे असते. घड्याळ सरकवणे ही मात्र नेहमी गंमत नसते. 1906 च्या जानेवारीत मुंबईची वेळ 39 मिनिटांनी पुढे ओढली गेली, तेव्हा गिरणी कामगारांनी हरकत घेतली. भोंगा तेवढा आधी वाजणार होता. झोप कोणाची जाणार हे त्यांनी ओळखले.

वैमानिकांनीही तेच ओळखले. त्यांची सलग साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 वर नेणारा नियम 2025 मध्ये लागू झाला, आणि डिसेंबरात एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. काहींनी दोष नियमाला दिला. मी म्हणतो, पुरेशी माणसे नेमायला कोणी नको म्हटले होते काय?

आपल्या जिल्ह्यात उलव्याला विमानतळ झाला. 25 डिसेंबर 2025 पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. त्यासाठी दहा गावे उठली. त्या गावांतली पोरे आता तेथे सामान चढवायला जातात. पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री घर सोडावे लागते, कारण त्या वेळी एस. टी. नसते. विमान उडण्यापूर्वीचे हे तास पाळीत धरावेत, नाहीतर निदान गाडी द्यावी. आमच्या मागणीपत्रात हे पहिले कलम आहे. आपल्यापैकी ज्यांना सही करायची असेल, त्यांच्यासाठी कागद दाराशी ठेवला आहे.