अक्षय ऊर्जा आणि गावाचा सल्ला



साहित्याच्या व्याख्यानमालेत वीज हा विषय कशाला, असे मला येण्यापूर्वी दोघातिघांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण विजेचा व्यवहार तारेत शिरण्याआधी शब्दांत होतो. ‘बुडीत क्षेत्र’, ‘प्रकल्पग्रस्त’, ‘मोबदला’, ‘व्यापक लोकहित’ हे शब्द आधी कुणीतरी कागदावर लिहितो, आणि मग पाणी चढते. रामनगरात हे सांगायला बाहेरून वक्ता बोलवायची गरज नाही. इथल्या पुष्कळ घरांची मुळे सुप्याच्या जलाशयाखाली आहेत. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जाई ते सुपा पाण्यात गेले, कचेरी जोयड्याला आली, आणि माणसे इथे आली.

मला बोलायचे आहे ते सल्ल्याबद्दल. हल्ली शहरांना आपण ‘शाश्वत’ आहोत असे दाखवावे लागते, आणि त्यासाठी एखादे सल्लागार मंडळ नेमले जाते. दोन प्राध्यापक, एक वास्तुरचनाकार, व्यापारी संघाचा प्रतिनिधी, एखादी स्वयंसेवी संस्था. हेतू चांगला असतो. आपल्याकडे याचे मोठे उदाहरण म्हणजे केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २००८ साली आणलेला ‘सौर शहर’ कार्यक्रम. देशातली ६० शहरे निवडायची आणि पाच वर्षांत पारंपरिक विजेची अपेक्षित मागणी किमान १० टक्क्यांनी खाली आणायची, असा संकल्प होता. महाराष्ट्रातून नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली, औरंगाबाद, नांदेड, शिर्डी, गोव्यातून पणजी, आणि आपल्या बाजूचे हुबळी-धारवाड. म्हणजे आपले रामनगर दोन सौर शहरांच्या वाटेवरचे गाव झाले, आणि कुणाच्या लक्षातही आले नाही.

प्रत्येक शहराला ५० लाखांपर्यंत मदत. त्यात आराखड्यासाठी १० लाख आणि प्रचार-प्रसारासाठी २० लाख. विचारापेक्षा जाहिरातीला दुप्पट पैसे, हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. लग्नातही पत्रिका बघण्यापेक्षा मांडवावर खर्च जास्त होतो. ते असो. या कार्यक्रमात शहराने संबंधितांची एक सल्लागार समिती नेमावी अशी अट होती. लोकप्रतिनिधी, संशोधन संस्था, रहिवासी संघ, उद्योग, स्वयंसेवी संस्था अशी ती यादी. यादी वाईट नाही. फक्त त्यातले सगळे शहराच्या हद्दीतले आहेत. वीज जिथून येते तिथल्या माणसाला त्या टेबलाशी खुर्ची नाही. ‘संबंधित’ या शब्दाचा अर्थ बिल भरणारा एवढाच झाला.

आता काळीचे पाहा. डिग्गीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी सदाशिवगडापाशी समुद्राला मिळते. सुमारे १८४ किलोमीटरची वाट. तेवढ्या वाटेवर सुप्याचे १०१ मीटर उंचीचे धरण आणि त्याच्या पायथ्याचे १०० मेगावॉटचे वीजघर, मग नागझरीचे ८०० मेगावॉटहून मोठे, कोडसळ्ळीचे १२० आणि कद्र्याचे १५०. कद्र्याच्या जलाशयाकाठी कैग्याच्या चार अणुभट्ट्या, प्रत्येकी २२० मेगावॉटच्या. इतक्या लहान नदीने इतके ओझे वाहिलेले देशात फार ठिकाणी दिसणार नाही. आणि कैगा सोडले तर ही सगळी वीज सरकारी व्याख्येने स्वच्छ. धूर नाही, कोळसा नाही, पाऊस दरवर्षी येतोच. अक्षय.

अक्षय म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. पाण्याचा होत नाही, खरे आहे. भातखाचरांचा झाला, देवराईचा झाला, सोयरिकीच्या अंतरांचा झाला. अक्षय या शब्दाने पाणी मोजले, बाकीचे मोजले नाही. ‘धरण वाईट’ असे मी म्हणत नाही. इस्पितळातला दिवा लागला पाहिजे, पिठाची गिरणी फिरली पाहिजे. पण दिवा लावताना किंमत कोणाच्या खात्यातून गेली ते वहीत लिहिलेले असावे, एवढेच म्हणणे आहे.

मराठी माणसाला ही गोष्ट नवीन नाही. १९२१ च्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. टाटांचे धरण मुंबईला वीज देणार होते. तीही आजच्या भाषेत स्वच्छ वीजच. सेनापती बापटांचे नाव आपण सगळे घेतो. पण त्या लढ्यातली एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही, कारण ती आपल्याच घरातली आहे. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनीचे कागद पुण्यातल्या सावकारांकडे होते, आणि कसणारा कूळ होता. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तेव्हा कागदवाल्याला पैसे हवे होते आणि कसणाऱ्याला जमीन. ‘गावाचे म्हणणे काय’ असे विचारले तर गाव म्हणजे या दोघांतला कोण? सल्लागार समिती नेमताना हाच प्रश्न पहिल्या दिवशी उभा राहतो आणि बहुधा पहिल्याच दिवशी टाळला जातो. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. मुळशीनंतर अर्धे शतक उलटून गेल्यावर.

आपल्या जिल्ह्यातले एक उदाहरण मात्र अभिमानाने सांगावे असे आहे, आणि मराठी घरांत ते पुरेसे सांगितले जात नाही. शिरसीच्या बाजूला बेडती नदीवर २१० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प येणार होता. तिथल्या सुपारी बागायतदारांची तोटगार सहकारी संस्था आहे; सुपारी विकणारी, हिशेबाला पक्की. त्यांनी १९८१ मध्ये शिरसीत शास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, अभियंते बोलावले आणि सांगितले की सरकारचे नफ्या-तोट्याचे गणित आमच्यासमोर पुन्हा मांडा. किती जंगल, किती सुपारी-मिरी-वेलदोड्याच्या बागा, किती वीज. बागेची किंमत बागायतदाराला ठाऊक होती आणि ती गणितात घालताच आकडे बदलले. तो अहवाल सरकारकडे गेला आणि प्रकल्प बाजूला पडला. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की समिती सरकारने नेमली नव्हती. सल्ला मागितला नव्हता. ज्यांना बुडायचे होते त्यांनी स्वतःच्या पैशाने तज्ज्ञ आणले. सुपा आणि बेडती यांत फरक काय, असे विचारले तर बेडतीच्या लोकांकडे वखार होती, संस्था होती, कारकून होता, इतिवृत्त लिहिण्याची सवय होती. सुप्याच्या लोकांकडे यातले फारसे काही नव्हते. शौर्य दोन्हीकडे सारखेच असावे.

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातले, तिनईघाट-कॅसलरॉकचे. गोव्यासाठी नवी ४०० केव्ही वीजवाहिनी धारवाडजवळच्या नरेंद्रहून शेल्ड्यापर्यंत न्यायची, आणि तिनईघाट ते कुळे रेल्वेमार्ग दुपदरी करायचा, असे दोन प्रकल्प घाटातून जाणार होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे गेले. हीही सल्ला देणारीच समिती; निर्णय न्यायालयाचा. तिने जागा पाहिली, गोव्यातल्या नागरिकांचे ऐकले, आणि एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की मोलेच्या अभयारण्यातून नवी वाट तोडण्यापेक्षा वाहिनी जुन्या वाहिनीच्याच पट्ट्यातून न्या, आणि रेल्वेच्या दुसऱ्या रुळाचे समर्थन होत नाही. मे २०२२ मध्ये न्यायालयाने दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. सखोल अभ्यास करून पुन्हा अर्ज करायची मुभा ठेवली. सल्ला असा असतो. तो ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच म्हणत नाही, तर ‘इथून नको, तिथून न्या’ म्हणतो. वीज गोव्याला मिळावी, हे त्या समितीलाही मान्यच होते.

हे जुने उगाळायचे कारण असे की पुढची लाट येते आहे, आणि ती सौरऊर्जेच्या पाठीवर बसून येते आहे. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि घराघरातले दिवे त्याच वेळी लागतात. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायची तर एक उपाय म्हणजे खालच्या जलाशयातले पाणी दिवसा वर चढवायचे आणि रात्री खाली सोडून वीज करायची. महाराष्ट्रात घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे आणि सरकारी मराठीत त्याला ‘उदंचन’ म्हणतात. संस्कृतात उदंचन म्हणजे पाणी काढायचा पोहरा. शब्द ज्याने शोधला त्याला माझा नमस्कार. पण या पोहऱ्यात वर चढवताना लागलेल्या विजेपैकी पाचवा ते चौथा हिस्सा गळतो, हेही लक्षात असू द्या. शरावतीवर, आपल्याच जिल्ह्यातल्या होन्नावर तालुक्याला लागून, २००० मेगावॉटचा असा प्रकल्प योजला आहे आणि त्यावरून वाद चालू आहे, कारण ते सिंहपुच्छ वानरांचे जंगल आहे. जितकी सौर पत्रे वाढतील तितकी डोंगरातल्या जलाशयांना मागणी वाढेल. शहरातले मंडळ गच्चीवरचे पत्रे मोजेल. त्या पत्र्यांची रात्र कुठल्या दरीत सांभाळली जाते ते मोजणार नाही.

मोजायची पद्धत बदलता येते, हे पावगडाने अर्धेमुर्धे दाखवले. तुमकूर जिल्ह्यातल्या त्या २०५० मेगावॉटच्या सौर उद्यानासाठी सुमारे १३,००० एकर जमीन लागली, पण ती विकत न घेता भाड्याने घेतली. एकरी वर्षाला २१,००० रुपये, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहिली. सुप्याच्या वेळी असे काही कुणाच्या मनात आले असते तर! अर्थात पाण्याखालच्या जमिनीचे भाडे मागायला धाडस लागते. पण पावगडातही मुळशीचा प्रश्न सुटला नाही. भाडे सातबारावाल्याला, त्याच रानात मजुरीला जाणाऱ्या बाईला काय? आणि सौर उद्यानांना २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेची जनसुनावणी लागत नाही, त्यामुळे तिला बोलायला ती जागाही नाही.

रामनगरात लगेच काय करता येईल, तर तेही थोडे बोलू. छपरावर एक किलोवॉटची पत्रे बसवली तर वर्षाची सरासरी दिवसाला चारेक युनिटांची. पण जून ते सप्टेंबर इथले आभाळ आपण जाणतो. तेव्हा पत्रे झोपतात आणि काळी जागी होते. केंद्राची योजना तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचे अनुदान देते, आणि राज्याची गृहज्योती २०० युनिटांपर्यंत बिलच माफ करते. शून्य बिल येणारा माणूस छपरावर खर्च कशाला करील? एक हात देतो त्याने दुसऱ्या हाताचे दान निरुपयोगी होते. म्हणून मला वाटते की इथे घरांच्या छपरांपासून सुरुवात करू नये. पिण्याच्या पाण्याचे पंप आणि रस्त्यावरचे दिवे यांचे बिल पंचायतीला भरावे लागते, तिथे माफी नाही. पंप दिवसा चालवून टाकी भरून ठेवता येते. त्याला रात्रीचा साठा लागत नाही. हिशेब तिथे जुळण्याची शक्यता जास्त. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात, म्हणजे कोयनेच्याच तालुक्यात, मान्याचीवाडी २०२४ साली महाराष्ट्राचे पहिले सौरग्राम झाले. ते लहान गाव आहे आणि ग्रामसभा तिथे भरते. यातली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते.

शहराला सल्लागार मंडळ नेमावे लागते. गावाला ते कायद्याने आधीच दिलेले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची. २००४ च्या नियमांनी तिची रचनाही सांगितली: अध्यक्ष आणि सहा जण, त्यात किमान एकतृतीयांश बायका. तिने लोकांना विचारून एक नोंदवही करायची: झाड, कंद, मासा, झरा, औषध, आणि ते जाणणारा माणूस. या लोकनोंदवहीची कल्पना रुजवण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा. वीज हा त्या समितीचा विषय नाही, पण तारा जंगलातून जातात आणि झरे डोंगरातून, तेव्हा वही तिथे उपयोगी पडतेच. प्रश्न एवढाच असतो की वही कोण लिहितो आणि कोणत्या भाषेत. ठेकेदाराने एका आठवड्यात भरलेली वही आणि गावाने बसून लिहिलेली वही यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. इथल्या घरांत मराठी आहे, कोकणी आहे, शाळेत आणि कचेरीत कन्नड आहे. नोंद घरच्या भाषेत घ्यावी, कन्नडमध्ये नीट उतरवावी, आणि दोन्ही प्रती पंचायतीत ठेवाव्यात. भाषांतराचे हे काम साहित्य मंडळाखेरीज दुसरे कोण करणार?

आणि त्या वहीला मागच्या बाजूने एक भाग जोडावा असे माझे सुचवणे आहे. सुप्याच्या खोऱ्यातले मळे, पाणंदी, उतार, देवळे, नदीतले डोह यांची नावे. ज्यांनी ती तोंडाने उच्चारली अशी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. कोणत्या शेताला काय पिकायचे, मोबदल्याच्या कागदावर त्याचे काय लिहिले गेले, कोणाचे नाव कागदावर होते आणि नांगर कोणाच्या हातात होता. गाऱ्हाणे म्हणून लिहायचे नाही, मोजणी म्हणून लिहायचे. उद्या या घाटात पुढचा प्रकल्प आला आणि कुणी साहेब ‘संबंधितांची’ यादी करायला बसला, तर पंचायतीने ती वही त्याच्यापुढे ठेवावी. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांशी मी सकाळी बोललो आहे. पावसाळ्यापूर्वी चार-पाच घरांपासून सुरुवात करू, शाळेतल्या वरच्या वर्गातली मुले लिहायला घेऊ, असे त्यांनी कबूल केले आहे. ज्यांच्या घरी अशी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी व्याख्यान संपल्यावर दाराशी ठेवलेल्या वहीत पत्ता लिहून जावा.