किरण, पेशी आणि आपला उडीद



पातूरच्या घाटाखालच्या शिवारात मृगाची चाहूल लागली की मूग-उडदाच्या बियाण्याची बोलणी सुरू होतात, आणि त्यात टीएयू-१ हे नाव निघतंच. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आपलं अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून १९८५ साली दिलेला हा उडदाचा वाण. त्याचा एक पालक टी-९ हा जुना उडीद. दुसरा मात्र गामा किरणांतून निपजलेला, गडद हिरव्या पानांचा. भुईमुगातला टॅग-२४ हाही याच दोन संस्थांचा.

अणू म्हटलं की आपल्याला हिरोशिमा आठवतं, आणि त्यात चूक काहीच नाही. मग त्याच जातीच्या किरणांनी पीक कसं सुधारलं? खरं सांगायचं तर किरण काही सुधारत नसतो. तो मोडतोड करतो.

कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूतून निघालेला गामा किरण पेशीतून जाताना वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून लावतो. जिवंत पेशीत बहुतांश पाणीच. त्यामुळे पहिला तडाखा बहुधा पाण्याच्या रेणूला बसतो, त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे क्षणार्धात शेजारच्या डीएनएचा लचका तोडतात. कधी घाव थेट डीएनएवरच पडतो. त्याच्या दोन धाग्यांपैकी एक तुटला, तर पेशी दुसऱ्याकडे पाहून तो नीट जोडून घेते. हे काम तिच्यात रोजच चालू असतं. दोन्ही एकाच जागी तुटले की पंचाईत. मग तुटलेला कासरा घाईत गाठ मारून जोडावा, तशी ती टोकं जोडते. मधला आनुवंशिक मजकूर गळतो, कधी भलतीच टोकं एकमेकांना चिकटतात. अशी पेशी विभागायला गेली की बहुधा मरते. जगलीच, तर बदल पुढे उतरतो. माणसात ती कर्करोगाची सुरुवात ठरू शकते; उडदात कधी नुसता पानाचा रंग बदलतो.

एक गंमत पाहा. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. अंगभर एकदम ४-५ ग्रे एवढी मात्रा बसली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. वाळलेलं उडदाचं बी २०० ग्रे सोसूनही उगवतं. त्यात पाणी नाममात्र, आणि पेशींचं विभाजन थांबलेलं. आपल्या हाडांतल्या मज्जेत आणि आतड्याच्या अस्तरात मात्र रात्रंदिवस नव्या पेशी घडत असतात. घाव आधी तिथं लागतो.

किरण दिलेल्या बियांची पहिली पिढी खुरटी निघते. बरेचसे बदल दुसऱ्या पिढीत उघडे पडतात. त्या वाफ्यात एखादं रोप पांढरंफटक, हरितद्रव्यच नसलेलं, चार दिवसांचा सोबती, एखादं बुटकं, एखाद्याला शेंगच नाही. हजारोंत कामाचं एखादंच. ते हेरतो वाफ्यात वाकून पाहणारा माणूस. माझ्या मते या वाणांचं श्रेय त्या नजरेला जास्त आहे. कौतुक मात्र अणूचंच होतं.

आणि हो, या उडदाचं वरण खाऊन अंगात किरण जात नाहीत. गामा किरणांनी बी किरणोत्सारी होत नाही, आणि किरण दिले होते ते कित्येक पिढ्यांआधीच्या पूर्वजाला.

कर्करोगाच्या रुग्णाला जो किरणांचा शेक देतात, त्याचंही गणित हेच. बहुधा रोज २ ग्रेच्या आसपास, आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे. मधल्या वेळात निरोगी पेशी आपली डागडुजी करून घेतात. गाठीतल्या पेशींना ते तितकं साधत नाही. तेव्हा पाहुण्याचं लग्न आहे म्हणून मधल्या पाळ्या चुकवू नका.

छातीच्या एका एक्स-रेची मात्रा यापुढे अगदीच किरकोळ. निसर्गातून वर्षभरात आपल्याला मिळते, तिच्याहूनही कितीतरी कमी. तिला भिऊन तपासणी टाळू नये. फक्त पोटाचा किंवा कमरेचा एक्स-रे, सीटी स्कॅन असेल आणि दिवस गेल्याची नुसती शंका जरी असली, तरी बायांनो, टेबलावर झोपण्याआधी तसं सांगून टाका. गर्भाच्या पेशी फार झपाट्यानं विभागत असतात.